अंगठ्याखालची नाडी

(घाटंजीजवळच्या खेड्यातली शाळा, १९६१. दुपार. शाळेचा ओटा.)

उकंडा : बोकडाचं काळीज मंग दाखवा पोराइले, डाक्टर. आधी माह्या कोकिळेले समजवा.

मुख्तार : डॉक्टर कुठला, उकंडाभाऊ? नागपूरला डॉक्टरकी शिकतोय अजून. काय झालं तिला? मागच्या खेपेला वर्गात नाडी पाहायला शिकवली, तर तिलाच पहिली सापडली. बाकीची पोरं नाडी म्हटलं की चड्डीची नाडी धरत होती.

उकंडा : त्या नाडीनंच घात केला. पोरगी माह्या हातचं खात नाही. म्हणते, तू मायले जित्ती पुरली.

मुख्तार : काय?

उकंडा : तिच्या मायले, लालीबाईले, ताप होता. पोरगी रातभर तिचं मनगट धरून बसली. सकाळी पाहतो तं अंग गार. मातीले उचलली, तं पोरगी ओरडते, नाडी चालू हाय! बायांनी धरून ठेवली तिले. तुमी सांगा, माय मेलीच होती. तुमचं ऐकन ते.

मुख्तार : कोणत्या बोटानं पाहत होती?

उकंडा : असा अंगठा दाबून.

मुख्तार : अंगठा... भाऊ, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. ते सांगायचं राहिलं माझं. तिला लागत होती ती तिचीच.

उकंडा : तिचीच?

मुख्तार : हो. तुमच्यावर आळ नको. आत्ता वर्गात सांगतो.

उकंडा : नका सांगू! राती मी बैल जुंपत होतो, दवाखान्यात न्यायले. तीच म्हणे, बा, नाडी चांगली हाय, मायले झोपू दे. मी बैल सोडले.

मुख्तार : या अल्ला.

उकंडा : आंगठ्याचं समजलं की तिले बैल आठवतीन. पाया पडतो तुमच्या.

मुख्तार : उठा, भाऊ, उठा. पण तिनं माय जिवंत पुरली असं समजून जगायचं?

उकंडा : तेबी नाही. मी काय करू, सांगा ना!

मुख्तार : ती येतेय.

कोकिळा : सर, याले सांगा. नाडी लागत होती म्हंजे माय जित्ती होती ना?

मुख्तार : कोकिळा, बस इथं. अंगठ्यानं पाहिलं ना, की...

उकंडा : मी सांगतो. तुले लागली ते तुहीच नाडी होती, बाई. सर म्हणतात, आंगठ्याची असते. तू हात धरला त्याच्या आधीच माय गेलती.

कोकिळा : आधीच?

उकंडा : आधीच. मले माहीत होतं.

कोकिळा : मंग तू बैल कायले जुंपत होता?

उकंडा : मले पटत नोतं, बाई.