आणि मी म्हणे नवीन!

नाही, नवीन? मी? मला एक सांगा, ज्या चर्चमध्ये माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, ज्या चर्चमधून मी माझ्या बायकोला शेवटचं बाहेर नेलं, ज्या चर्चच्या गळक्या छपराखाली एकतीस वर्षं बादल्या मांडल्या... कुठली बादली कुठं ठेवायची हे आजही फक्त दोघांना माहीत आहे, मला आणि पावसाला!... त्या चर्चच्या दारात ती पॉलीन, फाईल छातीशी धरून, मान अश्शी वाकडी करून मला विचारते, "ओऽऽ मुर्ली, हाऊ लव्हली! यू आर थिंकिंग ऑफ जॉइनिंग अस?" जॉइनिंग! अगं बाई, तू आलीस चार वर्षांपूर्वी! तुला या चर्चमधला पहिला चहा कोणी दिला? मी दिला! दूध किती, साखर किती, मी विचारलं! आणि मी म्हणे नवीन!

थांबा. पाणी पितो. सुप्रभा असती तर म्हणाली असती, "अहो, गोळी घेतलीत का?" घेतली. उपयोग शून्य.

तर तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो. मी डॉक्टर मुरलीधर साळवे. राहणार कॉव्हेंट्री, मूळचा नाशिकचा, शरणपूरचा. भूलतज्ज्ञ होतो, आता रिटायर्ड. जन्मभर माणसं झोपवली, त्यामुळे प्रवचन या विषयात मला थोडा अधिकार आहे. मला माणूस झोपवायला तीन औषधं आणि एक मशीन लागायचं. आमच्या व्हिकारला नुसता माइक लागतो.

आणि आम्ही ख्रिस्ती. काय झालं? का बघताय असे? तुमच्या मंडळात पण हेच! गणपतीच्या जेवणाला ते एक गृहस्थ, हातात मोदक, मला म्हणतात, "साळवे, तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी काय सुंदर बोलता हो!" अहो, मग काय लॅटिन बोलू? तिकडे चर्चमध्ये मी हिंदू, इकडे तुमच्यात मी साहेबाचा. मधे रिंग रोडवर गाडीत एकटा असतो, तेवढी सात मिनिटं काय तो मी मी असतो!

माझे पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा भावकीनं वाळीत टाकलं, शेताची वाट अडवली, बायकोला माहेरचा उंबरा बंद झाला. मागे फिरले नाहीत. आजोबा पाळक. वडील चर्चचे सेक्रेटरी. आणि मुरलीधर हे नाव ठेवलं ते त्या पाळक आजोबांनीच! म्हणायचे, "धर्म बदललाय, भाषा नाही बदलली." आजोबा बोलून मोकळे झाले, आणि त्या नावाची शिक्षा मी भोगतोय. चार पिढ्या हो, चार! आणि मी म्हणे नवीन!

बरं, भांडण कशावरून? उशीवरून. हसू नका. आमच्या या चर्चांमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकायला बाकड्यापुढे एकेक जाड उशी असते, जाड कापडावर लोकरीनं भरलेली. पंचवीसएक वर्षांपूर्वी चर्चच्या बायकांनी ठरवलं, प्रत्येकीनं एक भरायची. बासष्ट उशा झाल्या. कोणी मेंढरू भरलं, कोणी कबूतर, एकीनं स्वतःचा कुत्रा भरला, तोही चालला! आणि सुप्रभानं भरला द्राक्षाचा वेल. नाशिकची ना ती! आणि येशूची ती वेलीची शिकवण, मी वेल आणि तुम्ही फांद्या, ती तिची सगळ्यात लाडकी. खाली देवनागरीत टाके घातले, "वेलीला धरून राहा". आठ महिने लागले. घरभर हिरवी लोकर, माझ्या मोज्यांना हिरवी लोकर, एकदा तर ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन म्हणाला, "मुर्ली, यू हॅव समथिंग ग्रीन..." जाऊ द्या.

आणि ते "वेलीला धरून राहा" कोणासाठी होतं माहितीये? माझ्यासाठी! मी तापट. दर दोन वर्षांनी कोणी ना कोणी मला विचारायचं, "यू पीपल हॅव समथिंग लाइक दिस, डोन्ट यू?" आणि मी घरी येऊन कोट फेकायचो, बास! या चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही! आणि ही भाकरी थापता थापता, मागे न बघता, "वेलीला धरून राहा." पुढच्या रविवारी मी परत बाकड्यावर.

चार वर्षं झाली तिला जाऊन. माझे दोन्ही गुडघे बदललेत, टेकता येत नाहीत. म्हणून मी प्रवचनाला ती उशी मांडीवर घेऊन बसतो. त्या टाक्यांवरून बोट फिरवतो. बस, एवढंच मला हवं होतं या जगाकडून. एक बाकडं, एक उशी, एक तास.

आणि तेवढ्यात आला टोबी! नवा व्हिकार, म्हणजे आमचा पाळक. पायात पांढरे ट्रेनर्स, दर वाक्याच्या शेवटी "गाइज". "कॉल मी टोबी, गाइज!" पहिल्याच महिन्यात घोषणा... बाकडी काढायची, उशा काढायच्या, मऊ खुर्च्या आणायच्या, कोपऱ्यात कॉफी मशीन. का? "बाकडी लोकांना घाबरवतात, गाइज." अहो, एकतीस वर्षांत बाकड्याला घाबरून पळालेला एक माणूस मी पाहिला नाही! प्रवचनाला घाबरून पळालेले सत्तावीस माझ्या ओळखीचे आहेत!

मी त्याला म्हटलं, टोबी, बाकी काय करायचं ते कर, त्या उशा राहू दे. तर म्हणतो कसा, "बट मुर्ली, यू डोन्ट इव्हन नील!" टेकू कसे? गुडघे बदललेत रे बाबा! बायको नाही बदललेली!

असो. शेवटी ठरलं, मेमधल्या वार्षिक सभेत मतदान. आणि मत कोणाला? ज्याचं नाव चर्चच्या यादीत त्याला. आता या यादीची एक गंमत आहे. दर सहा वर्षांनी ती फाडून टाकतात आणि कोऱ्या कागदावर सुरुवात. तुम्ही इथे एकतीस वर्षं असा नाहीतर हजार वर्षांपूर्वी नॉर्मन राजाबरोबर आलेले असा, परत अर्ज! आणि नेमकं यंदा ते सहावं वर्ष. आणि यादी कोणाकडे? पॉलीनकडे.

म्हणून मी गेलो फॉर्म मागायला, आणि तेव्हाच ते "थिंकिंग ऑफ जॉइनिंग अस"! मी म्हटलं, पॉलीन, फॉर्म. "ऑफ कोर्स, लव्ह!" फॉर्म भरला, सही केली, तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "आणि बुधवारी सात वाजता ये हं, हॉलमध्ये." मला वाटलं यादीचंच काही काम असेल. गेलो. बघतो तर सात खुर्च्या गोलात, मधे मेणबत्ती, केक, आणि फळ्यावर लिहिलंय "पहिलं पाऊल : येशूशी ओळख, सहा बुधवार". आणि टोबी डोळे मिटून, हात पसरून मला म्हणतो, "सो मुर्ली... व्हॉट ब्रॉट यू टू जीझस?"

मी म्हटलं, "माझे पणजोबा."

तर डोळ्यात पाणी त्याच्या! "ओह मुर्ली... डिड ही पास अवे रीसेंटली?"

मी केकचा तुकडा उचलून तोंडात कोंबला. मग त्यानं चित्रांचं पुस्तक काढलं. "हा नोहा, मुर्ली. ही त्याची बोट." माझे आजोबा पंचेचाळीस वर्षं नोहावर प्रवचनं द्यायचे हो! नोहाला जितका पूर माहीत नसेल तितका आजोबांना माहीत होता! आणि मी म्हणे नवीन!

घरी आलो, कोट फेकला. फेकला आणि उभा राहिलो. स्वयंपाकघरातून काही ऐकू येतंय का म्हणून. आता कुठलं ऐकू येतंय.

क्रॉयडनला मुलीला फोन लावला, इरावतीला. ती म्हणे, "पप्पा, लेट इट गो ना! आईचा उशी मी घेऊन येतो तुमच्याकडे, फ्रंट रूममध्ये ठेवू." मी म्हटलं, आईची उशी, आणि घेऊन येते. "व्हॉटेव्हर, पप्पा! पॉइंट काय आहे?" पॉइंट काय आहे म्हणे! पॉइंट हा आहे की ती फ्रंट रूमसाठी भरलेली नाही! ती चर्चसाठी भरली! आम्ही इथले आहोत म्हणून भरली!

मग एप्रिलमध्ये यादी लागली दारावर. चष्मा लावून वाचतो. 'एस'वर आलो... आणि थेट सॉन्डर्स, मग सिम्प्सन! साळवे नाहीच! पॉलीनला गाठलं. तिनं फाईल उघडली, तर माझा फॉर्म "इच्छुक" अशा कप्प्यात! म्हणाली, "मला वाटलं, आधी कोर्स पूर्ण करशील, मग बाप्तिस्मा, मग हे. उगाच घाई नको, ना?" मी म्हटलं, आत्ता घाल नाव. "ओह, आता मुदत गेली, लव्ह. नेक्स्ट इयर!"

आली सभा. ज्याचं नाव यादीत नाही त्याला आत बसता येत नाही, नियम म्हणजे नियम. मग मला कुठे बसवलं? स्वयंपाकघरात! चहा करायला! हॉलच्या बाजूला ती खिडकी असते ना कप द्यायची, ती उघडी, आणि तिथून मी बघतोय. "उशा आणि बाकडी काढावीत, अनुकूल?" हात वर. अठरा. "प्रतिकूल?" हात वर. मी मोजतोय... पंधरा, सोळा, सतरा, अठरा. अठरा-अठरा! अहो, मला राहवलं नाही, हातात किटली होती, ती तशीच धरून मी खिडकीतून दुसरा हात वर केला! पूर्ण वर! चार पिढ्यांचा हात होता तो!

पॉलीननं वळून पाहिलं आणि म्हणाली, "येस मुर्ली, टी इन अ मिनिट."

समसमान म्हणून टोबीचं निर्णायक मत. गेल्या उशा.

बरं, पुढे ऐका. हरलो तर हरलो, निदान उशी तरी परत मिळेल? कारण टोबीनं सांगितलं, ज्यांच्या घरच्यांनी भरली त्यांनी आपापली घेऊन जा. रांग लागली. मेंढरू गेलं, कबूतर गेलं, तो कुत्रासुद्धा घरी गेला! एकसष्ट उशा गेल्या. मी रांगेत शेवटी. टोबीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुर्ली, ही एक आम्ही ठेवतोय. इट्स सो स्पेशल. ही सगळ्यांची आहे."

दोन आठवड्यांनी चर्चच्या दाराशी काचेची पेटी. कुलूप, दिवा, सगळं. आत सुप्रभाची उशी. आणि खाली पाटी, मी पाठच केलीय... "हिंदू प्रार्थना-उशी. पारंपरिक भारतीय फळांची नक्षी आणि संस्कृत मंत्र. आमच्या हिंदू मित्रांकडून सप्रेम भेट."

संस्कृत मंत्र! "वेलीला धरून राहा", संस्कृत मंत्र! मी टोबीला हाताला धरून ओढत वेदीपाशी नेलं, वरची रंगीत काचेची खिडकी दाखवली. दीडशे वर्षांची, मधे येशू आणि चहूबाजूंनी काय? द्राक्षं! तीच पानं, तेच घड! मी म्हटलं, बघ! बघ रे! टोबी वर बघत राहिला, आणि म्हणतो, "वॉव. सो युनिव्हर्सल." मी म्हटलं, ती पाटी बदल. तर आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "मुर्ली... आम्हाला तुझा वारसा पुसून टाकायचा नाहीये."

मी गेलो घरी. या वेळी कोट फेकला नाही. खुंटीला नीट टांगला. चर्च सोडायचं, ठरलं. पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं. आणि रविवारी सकाळी पत्र टाकायला म्हणून निघालो तो पाय कुठे गेले? आलो चर्चमध्ये! पेटीसमोर! वाचतो तर काय, "वेलीला धरून राहा". बाई गेली तरी हुकूम चालूच!

तेवढ्यात एक नवीन बाई आल्या, पहिल्यांदाच आलेल्या. खऱ्या नवीन! पेटीकडे बघून मला हळूऽऽहळू, एकेक शब्द सुटा करून विचारतात, "व्हॉट... डझ... द मंत्रा... मीन?" मी म्हटलं, वेलीपासून फांदी तुटली की वाळते, म्हणून धरून राहावं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "ओह, हाऊ ब्यूटिफुल! हिंदुइझम इज सो डीप!" मी तोंड उघडलं, म्हटलं आता सांगतोच पणजोबांपासून... आणि पॉलीन मधे आली, माझा दंड थोपटत म्हणाली, "आमच्याकडे पण असंच काहीतरी आहे, मुर्ली. कोर्समध्ये येईल, पाचव्या बुधवारी!"

ऑक्टोबरात तो कोर्स परत पहिल्या बुधवारपासून सुरू झाला. आता जातो मी बुधवारी. हो, जातो! हॉलचा हीटर बंद पडलाय, म्हणून कोर्सच्या खुर्च्या चर्चमध्येच मांडतात, दाराशी, त्या पेटीला लागून. काचेशेजारची खुर्ची मी धरतो. दीड तास तिच्याजवळ बसता येतं, कोणी उठ म्हणत नाही. टोबी चित्रं दाखवतो, मी मान डोलावतो.

काल चौथा बुधवार झाला. द्राक्षवेल पुढच्या आठवड्यात. टोबीनं बजावून सांगितलंय, "डोन्ट मिस इट, मुर्ली, हे तुला अगदीच नवीन असेल."