पांढऱ्या कापडाचे दिवस

— नाही, आत येऊ नकोस, माखोत्सो, खिडकीबाहेरच उभी राहा, सासूला भेटायला आलीस तेवढं पुरे. मास्क नाकावर घे. पापा-मोरोहोचा डबा सिस्टरकडे दे, ती आणेल, मक्याची उकड नि पालेभाजी गरम आहे तोवर. मोलेफी बरा आहे ना? बरा असणारच, त्याला काय, आई वॉर्डात आणि बायको कामावर. तुझी कॉलर बघतेय मी. गेल्या रविवारी केशरी होती — टीबीची लाल गोळी घामातून उतरते, मला माहीत नाही होय? — आणि आज दुधासारखी. फॅक्टरीत पांढऱ्या जीन्सची ऑर्डर आलीय, हो ना? मान कशाला हलवतेस, अर्धं आयुष्य तिथं चेन बसवल्यात मी.

चिडू नकोस, ऐक. ही गोळी जंतूला कशी मारते ते डॉक्टर दोऱ्या घेऊन समजावत बसले होते, मीच म्हटलं, साहेब, ही तर चेन. जंतूच्या पोटात डीएनएचे दोन धागे एकमेकांत दात रोवून बसलेले — त्यांवर चेनच्या सरकत्या कडीसारखा एक रनर चालतो, पॉलिमरेज म्हणतात त्याला — पुढं चेन उघडतो, एका बाजूचे दात वाचतो, वाचत वाचत नवा धागा विणून बाहेर सोडतो, मागं चेन मिटवतो. तो नवा धागा म्हणजे जंतूला हुकूम — हे बनव, ते बनव. हुकूम नाही तर जंतू खलास. आणि गोळी काय करते? रनरच्या तोंडात जाऊन बसते. नवा धागा दोन-तीन टाके होतो न होतो, गोळीला धडकतो, ठप्प. चेनमध्ये अस्तर अडकतं ना, तसं — पुढं नाही, मागं नाही. पण रोज अडकवावं लागतं, पोरी.

मापुलेंग माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची, आठवते ना, हसरी? पांढरं कापड आलं की गोळी चुकवायची — डाग पडला की सुपरवायझर ते कापड सगळ्यांसमोर नाचवायचा, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं तिला. तेवढ्या उसंतीत एक जंतू असा निघाला, त्याच्या रनरचा एकच टाका बदललेला — गोळी बसतच नाही, घसरते. त्याचीच पिलावळ वाढली. ती गेली, आणि जाण्याआधी तिच्या खोकल्यातून तो माझ्यात आला. राग? कसला राग — तिच्या डब्यातलं जेवलेय मी. तर तो मोकळा धावतोय आणि अडकले मी, या खोलीत. उन्हाळ्यापर्यंत सोडतो म्हणाले होते डॉक्टर — खरं सांगायचं तर हल्ली ते नुसता छातीचा नवा फोटो बघतात आणि चष्मा पुसतात. हे मोलेफीला सांगायचं नाही. तोंडातून निघून गेलं माझ्या.

तुझा जंतू अजून अडकतो, तपासणीत आलंय तसं, सिस्टरनं — बरं, मीच खोदून विचारलं तिला. एवढं नशीब पदरात पडलंय आणि तू एका ऑर्डरपायी… काय म्हणतेस, रोज घेते? शपथा नकोत, मेलेल्यांना मध्ये आणू नकोस. रडतेस? रड. हातानं पुसू नकोस. तो पांढरा रुमाल काढ, गालाला लाव. आता दाखव इकडे.

कोरा आहे. गोळी पोटात असती तर डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी उतरलं असतं.

जा आता. त्या समोरच्या नळावर जा, पिशवीतली गोळी काढून घे, मी इथून बघते. आणि पुढच्या रविवारी डबा नको आणूस — इथं उभी राहून रड, आणि मला रुमाल दाखव. जा.