अब्बांच्या मुठीतली काच

अस्सलाम अलैकुम. नमस्कार.

तुमी सगळे आलात. साजिदचे शाळेतले गुरुजी आले, आमच्या लाइनीतले दुकानदार शटर ओढून आले, त्याच्या प्रयोगशाळेतला सोबती अनिकेत इतक्या दुरून एसटीनं कारंजाले आला. मले बोलता येत नाही, भावांनो. मी चष्मे विकणारा माणूस. "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा," एवढंच माहं भाषण. पण लहान भाऊ माहा गेला. मी नाही बोललो तर कोण बोलंल?

साजिद सुट्टीवर घरी येत होता. आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावले बसमधून उतरला, तिथून दोस्ताच्या मोटारसायकलवर निघाला. घरी पोचला नाही. त्या अपघाताबद्दल याच्यापुढं माह्यानं बोलवत नाही.

बरेच जण मले विचारतात, तुहा भाऊ करत काय होता? मले जेवढं समजलं तेवढं सांगतो. चुकलं तर अनिकेत, तू माफ कर.

आमी काच घासून नंबर देतो. साजिद घासत नव्हता. तो काचेवर एका धातूचा एकदम पातळ थर चढवायचा, आन त्यात डोळ्याले दिसणार नाही इतकी बारीक नक्षी कोरायचा. ती नक्षीच उजेडाले वळवते म्हणे. आन या थराची गंमत अशी, की तापवला का त्याची आतली मांडणीच बदलते. मांडणी बदलली का उजेड दुसरीकडं वळतो. काच तीच, जागा तीच, पण नजर दुसरी.

मी चिडवायचो त्याले. "काय डॉक्टर, काच तर आमी बी विकतो!"

तो म्हणायचा, "भाईजान, अम्मीकडं पाहा. एक चष्मा कपाळावर, दुसरा हातात, आन तिसरा शोधून राह्यली. मले तिच्यासाठी एकच बनवायचा आहे. जवळचं बी त्यातूनच, दूरचं बी त्यातूनच."

"कधी बनंल?"

"लय वर्षं लागतील. सध्या नुसता तुकडा झाला."

तो तुकडा तो घरी आणून राह्यला होता. अब्बांना फोनवर सांगितलं त्यानं, मी बाजूलेच होतो. "अब्बा, तुमच्या दुकानातला गरम हवेचा ब्लोअर याच्यावर धरला ना, तर रंग बदलते. आलो का दाखवतो."

अब्बा म्हणाले, "आन मंग परत पहिला रंग?"

"परत आणायचं माह्यावर सोडा."

त्याची बॅग पोलिसांनी दिली. कपड्याच्या घडीत प्लास्टिकची डबी होती. डबीत तो तुकडा. नखाएवढा, निळसर. त्याले ओरखडा बी नव्हता, भावांनो. एक ओरखडा नव्हता.

अब्बा तो घेऊन दुकानात गेले. शटर अर्धं वर केलं, ब्लोअर लावला. रोज फ्रेम मऊ करायले लावतात तसाच. मी मागं उभा होतो. त्यांना थांबवावं असं मले सुचलंच नाही. मले बी पाह्यचं होतं. पोरगं दाखवणार होतं ना.

निळा रंग गेला. तुकडा तांबूस झाला. अब्बा हसले. त्या दिवसापासून पहिल्यांदा हसले. म्हणाले, "पाह्य, खरं बोलत होता!"

मंग ब्लोअर बंद केला आन तुकडा हातावर घेऊन बसले. मी म्हटलं, "अब्बा, घरी चला."

"थांब. थंडा होऊ दे."

आमच्या धंद्यात असंच असते ना! फ्रेम तापवली का नरम होते, थंड झाली का पुन्हा होती तशी कडक. सारी जिंदगी त्यांनी हेच पाह्यलं. त्यांना वाटलं, थंड झाला का निळा येईल. तुकडा थंड झाला. निळा आला नाही. अब्बा म्हणाले, "अजून आतून गरम असंल."

काल अनिकेतले मी विचारलं, परत काहून नाही आला? तो म्हणाला, थंड झाल्यानं तो परत येत नाही. लेझरनं डोळ्याची पापणी लवायच्या आत वितळवायचा आन तेवढ्याच झटक्यात गार करायचा, तेव्हा जुनी मांडणी येते. आता मले सांगा, कारंजात कोणाकडं आहे असं काही? माह्या दुकानात स्क्रू कसायचा पेचकस आहे, फडकं आहे, ब्लोअर आहे. मी काय करू?

अनिकेत लय चांगला पोरगा. अब्बांच्या पायाशी बसला. म्हणाला, "अब्बा, तुकडा माझ्याकडे द्या. मी निळा करून आणतो. शब्द देतो."

अब्बांनी मूठ घट्ट केली. म्हणाले, "नाही बेटा. परत आणायचं त्यानं स्वतःवर घेतलं होतं."

अब्बांना काय सांगावं, तुमच्यापैकी कोणाले सुचत असंल तर सभा झाल्यावर मले सांगा. उद्या सकाळच्या गाडीनं अनिकेत जाईल, आन तुकडा इथंच राहील.

आता सगळ्यांनी साजिदसाठी जरा वेळ उभं राहू. ज्याले दुआ मागायची त्यानं मागा, ज्याले हात जोडायचे त्यानं जोडा.

अब्बा, तुमी नका उठू. तुमी बसून राहा. मूठ उघडू नका.