माउली अडली नातालीनच्या घरी

कडी लावूनिया । जप चाले आत ।
देव जोडी हात । दारापाशी ॥

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही — शेजारी बसलेला ऐकतोय! समजा, प्रभूची आई, पवित्र माउली, तुमच्या दाराशी आली. कडी वाजवली. तुम्ही काय कराल? दार उघडाल? का फटीतून डोळा लावून विचाराल — "बाई, आधी रिपोर्ट दाखवा"?

हसलात! हसा, हसा. अजून कुणाची गोष्ट सांगतोय ते सांगितलं नाही मी!

आपल्या वसईतलीच एक आळी. पानवेल आळी म्हणू. खरं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या माझ्या अंगणात सभा भरेल. त्या आळीत मे महिन्यात काचेच्या पेटीतली माउली घरोघर मुक्कामाला जाते. आज या घरी, उद्या त्या घरी. संध्याकाळी जपमाळ, माउलीच्या नावांची लितानी, गाणं, आणि शेवटी रांगेनं पायांचं चुंबन. आणि नियम असा — माउली पोचवायची नसते, न्यायची असते! पुढच्या घरानं न्यायला यायचं. आणि येताना हात हलवत यायचं नाही! ज्या घरातून माउली न्यायची, त्या घरी जेवणाचं भांडं घेऊन जायचं. कारण त्या घरची बाई दिवसभर पाहुण्यांत दमलेली. किती शहाणे होते हो आपले जुने लोक! माउलीचा मान नंतर, दमलेल्या बाईचं पोट आधी.

या आळीचा पुढारी इनासभाऊ मच्याडो. वय सहासष्ट. देवळात पहिलं बाकडं, उजवं टोक. तिथं दुसरं कुणी बसलं तर इनासभाऊ शेजारी उभा राहून नुसता खोकायचा — की जागा रिकामी! आवाज तर असा, की लितानी सुरू केली की बावखळाच्या पाण्यातले बेडूक गप्प. "आजाऱ्यांचे आरोग्य" म्हटलं की कौलं थरथरायची. पाळीची वही त्याच्याचकडे. कुठल्या तारखेला माउली कुणाकडे, सगळं लाल शाईत.

मग आली ती साथ! दुसरी लाट. देवळाला कुलूप. मिस्सा मोबाइलवर. आठवतंय ना? इकडे फादर प्रवचन करतायत, तिकडे आपण बनियनवर, हातात चहा, बशीत भजी! ख्रिस्तप्रसादाच्या वेळी एक जण म्हणे, "अगं, चटणी दे." लाजू नका, मला घर ठाऊक आहे!

इनासभाऊ मात्र इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर उभा राहायचा. आणि मिस्सा संपली की फोन — "काय रे पास्कू, आज दिसला नाहीस?" म्हणजे देवाचं लक्ष होतं की नाही ते देव जाणे, इनासभाऊचं होतं!

तरी आळीनं ठरवलं — माउली फिरणारच. फक्त घरची माणसं, थोडक्यात उरकायचं. पाच मुक्काम नीट झाले. सहावं घर नातालीनचं.

ही नातालीन कोण? विधवा बाई, पन्नाशीची. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात एकटी. आणि काम कुठं? कोविड सेंटरमध्ये आया! परक्या माणसांची भांडी उचलायची, चादरी बदलायची. ज्या म्हाताऱ्यांजवळ पोटची पोरं जात नव्हती, त्यांचं तोंड पुसायची. आळीला तिचा मोठा अभिमान! टाळ्या वाजवल्या होत्या तिच्यासाठी, थाळ्याही बडवल्या. फक्त ती रस्त्यानं आली की सगळे पलीकडच्या कडेनं जायचे.

सहा तारखेला माउली नातालीनकडे आली. सात तारखेला नातालीनला ताप. आठला रिपोर्ट. पॉझिटिव्ह! पालिकेचे लोक आले, दारावर कागद डकवून गेले. आत नातालीन आणि पेटीतली माउली. दोघीच.

आणि वहीत सातवं घर कुणाचं? लाल शाईत काय लिहिलंय? — इनास मच्याडो!

फादर आल्विननी फोन केला. "इनासभाऊ, माउली जिथं आहे तिथंच राहू दे. एकत्र जमू नका, आपापल्या घरी माळ म्हणा. आणि नातालीनच्या पायरीवर जेवण पोचतंय ना, तेवढं बघा. लांबून ठेवलं की झालं."

"हो फादर! हो फादर!"

फोन ठेवला. फादरनी तीन गोष्टी सांगितल्या. यानं एकच ऐकली — माउली तिथंच राहू दे. बाकीच्या दोन कानातून गेल्या, त्या थेट बावखळात!

बायको रेजिना दारात उभी. म्हणाली, "अहो, पाळी आपली आहे. माउली राहू दे, पण भांडं तरी नेऊन ठेवू? वाटीभर पेज, सुक्या बोंबलाची चटणी. पायरीवर ठेवते नि येते."

"वेड लागलंय तुला? त्या घरात गेलेलं भांडं परत आपल्या घरात यायचं!"

"राखेनं घाशीन. उकळत्या पाण्यात टाकीन."

"नाही म्हणजे नाही! ती काय काय हाताळते ठाऊक आहे?"

ऐका मंडळी! ज्या हातांनी दुसऱ्यांचे आईबाप धुतले, त्या हातांचा याला विटाळ! आणि मी अंतर पाळू नका म्हणत नाही हं. तोंडाला मास्क लावा, हात धुवा, डॉक्टर सांगतील ते ऐका. पण इनासभाऊला रोगाची भीती होती का? तेच तर पुढं बघा!

तिसऱ्या दिवशी आळीत चुळबुळ. "माउलीशिवाय मे महिना सुना!" इनासभाऊ म्हणाला, "काळजी नको." त्याच्या दिवाणखान्यात, शोकेसमध्ये, एक मूर्ती होती. कुवेतच्या मुलानं आणलेली. डोक्यामागे दिवे — लाल, हिरवे, पिवळे! बटण दाबलं की लुकलुक, लुकलुक. नातालीनचं घर वगळून पाळी पुढं सुरू! म्हणजे आळीत एक माउली आजाऱ्याजवळ बसलेली, आणि दुसरी विजेवर चाललेली. तुम्हीच सांगा, खरी कुठली?

पहिला मुक्काम अर्थात इनासभाऊकडे. चौदा माणसं एका खोलीत. मास्क हनुवटीखाली, कारण गाता येत नाही! खिडक्या बंद, कारण पोलिसांना ऐकू जाईल! आणि शेवटी चुंबन. रांग लागली. एकानं ओठ टेकले की इनासभाऊ खिशातला रुमाल काढून मूर्तीचे पाय पुसायचा. दुसऱ्यानं टेकले, पुन्हा पुसले. चौदा माणसं, आणि रुमाल एकच! तोच! वर तो घडी घालून खिशात — म्हणे, आशीर्वादाचा रुमाल.

काय मास्तर, वाजवता वाजवता बाजाची पेटी का थांबली? तुम्हीही होता वाटतं त्या रांगेत?

असं रोज एका घरी. आणि इकडे इनासभाऊच्या स्वयंपाकघरात एक गंमत झाली. एके दिवशी तो म्हणाला, "आपली पितळी पातेली दिसत नाही? लग्नातली?"

रेजिना भाजी चिरता चिरता म्हणाली, "कल्हईला दिलीय."

कल्हईला! लॉकडाऊनमध्ये! वाण्याचं दुकान चार तास उघडं, आणि कल्हईवाला हिच्यासाठी भाता फुंकत बसलाय! पण इनासभाऊला पटलं. लितानीत कुणाचा एक शब्द चुकला तर टोकणारा माणूस, पण स्वतःच्या चुलीपाशी काय शिजतंय ते नाही कळलं.

एकोणीस तारखेला इनासभाऊला कणकण. वीसला तोंडाची चव गेली. एकवीसला रेजिना पडली. आळीतल्या त्या रांगेतली अकरा माणसं अंथरुणाला! रुमालानं आशीर्वाद बरोबर वाटला होता. आता मच्याडोंच्या दारावरही कागद लागला. तसाच, त्याच गोंदानं.

इनासभाऊचा ताप दोन दिवसांत उतरला. रेजिनाचा उतरेना. बोटाला यंत्र लावलं, आकडा ब्याण्णव. डॉक्टर फोनवर म्हणाले, "पोटात काहीतरी जाऊ द्या, मग गोळी. उपाशी देऊ नका." आता पोटात घालायचं काय? या माणसाला गॅसचा लायटर कुठल्या खणात आहे ते माहीत नाही! भात करायला गेला, तळाला कोळसा आणि वर कच्चा. रेजिनानं एक घास घेतला, ओकून टाकला.

मग सुरू झाले फोन. पास्कूला फोन — "हो हो दादा, बघतो." बघत बसला. दुसऱ्याला फोन, तो उचलेचना. तिसरी त्याची स्वतःची चुलत बहीण. ती म्हणाली, "पाठवलं असतं रे, पण तुझ्या घरात गेलेलं भांडं परत माझ्या घरात यायचं..."

आलं का ध्यानात? शब्दाला शब्द! त्याचंच वाक्य, आळीभर फिरून, पाहुणचार घेऊन घरी परत!

तीन दिवस तो माणूस खिडकीत बसून स्वतःच्या पायरीकडे बघत होता. आतून रेजिनाचा खोकला. पहिल्यांदा त्याला भीती वाटली, खरी भीती. ही गेली तर? पेजेच्या वाटीवाचून माझी बायको जाईल? रडला हो तो. मला त्याची कीव नाही आली, खोटं कशाला सांगू. पण रेजिनासाठी जीव तुटला.

चोवीस तारखेला सकाळी कडी वाजली!

दार उघडलं. पायरीवर भांडं, त्यावर ताटली, कडेनं वाफ. आणि अंगणात, लांब, मास्क लावून उभी — नातालीन! सतरा दिवस पुरे झालेले, रिपोर्ट चांगला आलेला, गालफडं बसलेली.

"इनासदादा, आधी रेजिनाबाईला पाजा. गरम आहे, घोट घोट द्या. मग गोळी. आणि पालथं झोपवा तिला, उशी छातीखाली. आकडा वाढेल. आज संध्याकाळी पुन्हा आणते."

इनासभाऊ वाकला. भांडं उचललं. पितळी पातेली! चिंचेनं घासून लखलखीत केलेली. आणि काठावर कोरलेलं — इनास व रेजिना मच्याडो.

"हे... हे आमचं?"

"तुमचंच की. तेरा दिवस रोज सकाळी पायरीवर असायचं. रोज तुमचं नाव वाचायचे, मग जेवायचे. आळीत कुणाला नाही, पण इनासदादाला माझी आठवण राहिली. देव तुमचं भलं करो. रिकामं भांडं कसं परत करू, म्हणून पेज घातली."

आता मंडळी, श्वास धरा! माणसाची खरी परीक्षा इथं. बोलायचं, की गिळायचं? आयतं पुण्य पायरीवर चालून आलंय, वाफाळतंय! इनासभाऊनं काय केलं?

मान डोलावली! हो! "असू दे, असू दे," म्हणाला! आणि भांडं घेऊन आत गेला!

थू! — नाही, थांबा. थुंकायची घाई नको. आपणही डोलावली असती.

आत जाऊन त्यानं रेजिनाला उठवलं, पेज पाजली. तिनं पातेली पाहिली, काठावर बोट फिरवलं.

"परत आली होय," म्हणाली.

"तू नेत होतीस?"

"तुमच्या डोळ्यांदेखत नेलं असतं, तर तुम्ही नेऊ दिलं असतं? तुमची पाळी चुकायला नको, म्हणून नेलं." आणि खोकत खोकत म्हणाली, "नाव तुमचंच होतं त्यावर."

बस्स. त्या एका वाक्यानं इनासभाऊ उठला. दारात आला. नातालीन आळीच्या वळणापर्यंत गेली होती. आणि तो आवाज, बेडूक गप्प करणारा, कौलं हलवणारा, तो आवाज त्यानं काढला.

"नातालीन! मी नाही पाठवलं! ऐक! मी नको म्हटलं होतं! तुझ्या घरचं भांडं नको म्हटलं होतं मी! रेजिना चोरून आणायची!"

खिडक्या उघडल्या. पास्कूची उघडली, चुलत बहिणीची उघडली. सगळ्या आळीनं ऐकलं. आयुष्यभर देवाच्या नावानं ओरडला, पण खरं असं एकदाच ओरडला.

नातालीन वळली. मास्कवरचे डोळे हसत होते.

"ठाऊक आहे, दादा. पहिल्याच दिवशी भांड्याखाली चिठ्ठी होती — ह्यांना कळू देऊ नको."

"मग... मघाशी?"

"म्हटलं, बघू तुम्ही काय म्हणता. बराच वेळ लावलात." आणि जाता जाता म्हणाली, "माउली घरी आहे. पाळी अजून तुमचीच. बरे झालात की न्यायला या. पेज स्वतः करून आणा."

आणि नेली हो त्यानं! जूनच्या पहिल्या आठवड्यात, दारावरचा कागद निघाल्यावर. स्वतः शिजवलेली पेज, खाली थोडी लागलेली. नातालीननं खाल्ली. नाव ठेवलं नाही. रेजिना? आहे, ठणठणीत आहे. आज इथंच बसलीय, कुठं ते दाखवत नाही.

तर मंडळी, इनासभाऊला खूप हसलात. आता घरी जा, आणि मांडणीवरची भांडी बघा. नावं घातलेली असतात ना? आजोबांचं, मामाचं, बारशाचं. एकेक हातात घ्या आणि आठवा, त्या वर्षी यातलं एखादं तरी महिनाभर घराबाहेर होतं का? कुणाच्या पायरीवर?

मी पाहिली माझ्या घरची. सगळी जागेवर होती, मंडळी. एकूण एक. चकचकीत.

मास्तर, सूर द्या. आणि म्हणा माझ्याबरोबर — पण आधी कुणीतरी त्या मागच्या दाराची कडी काढा!

कडी लावूनिया । जप चाले आत ।
देव जोडी हात । दारापाशी ॥