कमलताईंच्या खोलीत वय विचारत नाहीत

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या चाळ समितीचे प्रमुख हितेंद्र सावंत सर, मंचावरचे समितीचे सगळे सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती कमलताई जाधव, आणि खुर्च्या संपल्या म्हणून जिन्यावर, कठड्यावर आणि पाण्याच्या टाकीवर बसलेल्या माझ्या आज्या, काका, मावश्या आणि मित्रहो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

मी गौतम. मागच्या जिन्याचा. दहावीत गणिताने मला सोडलं, मग मी शाळा सोडली. त्यानंतर हिंदमाताला साड्यांच्या घड्या घातल्या, सुरतला रंगाच्या कारखान्यात शिंकलो, मालवणात एका मामांच्या बोटीवर गेलो आणि पहिल्याच दिवशी मामांचा मोबाइल समुद्रात पाडला. मामा पोहत मागे आले होते, माझ्या, मोबाइलच्या नाही. असो. सर घड्याळाकडे बघतायत. सरांनी पाच मिनिटं दिलीत आणि ‘फक्त चांगलं बोल’ असं सांगितलंय. दोन्ही एकदम जमेल असं वाटत नाही.

माझ्या मागे बॅनर आहे. ‘वयोमानानुसार निवृत्त होत असलेल्या कमलताईंचा सत्कार.’ हे कोणी लिहिलं? ताईंचं वय झालं म्हणून ताई चालल्यात? काल याच ताई चौथ्या मजल्यावर पाण्याची कळशी घेऊन चढत होत्या आणि मी मागून ‘ताई, थांबा जरा’ म्हणत होतो. ताई वयामुळे जात नाहीयेत. दारात बसून दुसऱ्यांचं वय विचारायचं नाही, म्हणून जातायत. तेवढं आधी स्वच्छ होऊ दे, मग शाल, नारळ, सगळं.

नव्या सुनांना आणि पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. तळमजल्यावरचं आपलं वाचनालय ताईंच्या वडिलांनी, भिवाबाबांनी सुरू केलं. गिरणीत असताना ते एकदा शहरातल्या एका ग्रंथालयात गेले होते. दारातल्या माणसाने विचारलं, ‘कुठला रे तू? आडनाव काय?’ भिवाबाबांनी आडनाव सांगितलं आणि पायरीवरूनच परत आले. आपल्याकडच्या किती आजोबांची हीच गोष्ट आहे, हात वर करायला सांगत नाही. पण भिवाबाबांनी घरी येऊन एक फळी घासली, तिच्यावर रंगाने लिहिलं, ‘आत या’, आणि ती आपल्या वाचनालयाच्या दारावर ठोकली. नाव नाही, नियम नाही, वेळसुद्धा नाही. तिथे आजपर्यंत सहीचं रजिस्टर नाही. चपला काढायच्या आणि आत यायचं.

पुढे तिथे चार जुने कॉम्प्युटर आले. कुठल्या तरी ऑफिसने टाकून दिलेले. त्यांच्यावर जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली फुकटची सिस्टिम आम्ही घातली. ती कोणाला नाव विचारत नाही, म्हणून ताईंना आवडली. ‘आपल्या बाबांसारखी आहे रे,’ म्हणाल्या.

आता सर म्हणतील, आणि म्हणालेच होते मीटिंगमध्ये, ‘अरे, पोरं काय काय बघतात, तुला कल्पना आहे का?’ सर, आहे. मीच बघायचो. ताईंची पद्धत सांगू? तीन कॉम्प्युटरचे पडदे दाराकडे तोंड करून ठेवलेले. ताई दारात मटार सोलत बसलेल्या. मी एकदा नको ते उघडलं, तर मान वर न करता म्हणाल्या, ‘गौतम, चांगलं आहे का? मग मोठ्याने वाच ना, राधाआजी पण ऐकतील.’ सहा महिने मी हवामानाशिवाय काही उघडलं नाही!

आणि चौथा पडदा कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसायचं. तो कोणाला दिसत नाही. तिथे कोणाला बसवायचं ते ताई चेहरा बघून ठरवायच्या. ओळखपत्र बघून नाही, चेहरा बघून. कोणाला गाठ आलीय आणि घरी सांगता येत नाही. कोणाला नोकरीवरून काढलंय आणि बायकोला माहीत नाही. ताई नुसतं म्हणायच्या, ‘जा, तिकडे बस.’ मटार सोलणं चालू.

मग वरून नियम आला. सार्वजनिक जागेतला कॉम्प्युटर सुरू होतानाच समोरच्याचं वय तपासणार. आधी ओळखपत्र, मग चेहऱ्याचा फोटो, मग पडदा उघडणार. अठराच्या आतला असेल तर काय बघायचंय ते पालकाच्या मोबाइलवर जाणार, पालक हो म्हणाले तरच पुढे. समितीने तसं एक मशीन आणलंसुद्धा. मुलांसाठी आहे म्हणे. अरे, पण मूल कोण हे शोधायला राधाआजीनेसुद्धा आधी तोंड दाखवायचं! लहानांचं निमित्त आणि ओळख सगळ्यांची द्यायची. आणि ती जाऊन कुठे बसते? कोणाच्या मशीनमध्ये? विचारलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता आपली गंमत. आज तारीख काय? एक जून. तिकडे केक का ठेवलाय? कारण अर्ध्या चाळीचा वाढदिवस आज. गावाकडे जन्मतारीख कोणाला ठाऊक होती? गुरुजींनी शाळेत घालताना सगळ्यांना एक जून लिहिलं. म्हणून दरवर्षी ताई सगळ्यांत मिळून एकच केक आणतात. सर, तुमचाही आजच ना? हसू नका, सरांचाही आजच. आणि कोंडीरामकाका. चौदाव्या वर्षी अठराचे होऊन गिरणीत लागले, ते आजही कागदावर मोठ्या भावापेक्षा मोठे आहेत. भाऊ गणपतीत मुद्दाम त्यांच्या पाया पडतो! आपल्याकडे वय ही गोष्ट गरजेपुरती होती हो. पोट भरायला वाढवायची, शाळेला कमी करायची.

हे त्या नव्या मशीनला कोण सांगणार? चाचणीच्या दिवशी राधाआजी बसल्या, एक जून. मग कोंडीरामकाका, एक जून. मग तिसरे, एक जून, पत्ता तोच. मशीन लाल झालं. ‘संशयास्पद वापर.’ राधाआजी म्हणाल्या, ‘मेल्या, संशय माझा घेतोस? माझं लग्न झालं तेव्हा तुझा बापसुद्धा जन्मला नव्हता.’

हसलात. मीही हसलो होतो.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. नाव सांगणार नाही. या चाळीतली की पलीकडची, तेही नाही. एकमेकांकडे बघू नका, माझ्याकडे बघा. तिला विचारून बोलतोय. कोपऱ्यातली जागा तेव्हा समितीने नव्या मशीनला दिली होती. ताई दवाखान्यात गेल्या होत्या. मशीनने वय विचारलं, मुलीने खरं सांगितलं. पालकाचा नंबर विचारला तर आईचा दिला. घरात मोबाइल एकच, आणि तो त्या वेळी बापाच्या खिशात होता. मेसेज गेला. आपल्या पाल्याने अमुक पान बघण्याची परवानगी मागितली आहे. पान कसलं? घरात मारहाण होत असेल तर बाईने कुठे जायचं, त्याचं.

मारणाऱ्यालाच विचारलं हो! ‘परवानगी आहे का?’ म्हणून विचारलं. आणि याला संरक्षण म्हणतात.

पुढचं मी सांगत नाही. ताई गेल्या, दार वाजवत राहिल्या, आणि आई-मुलगी आता सुरक्षित आहेत, एवढंच. दुसऱ्या दिवशी ताई समितीपुढे म्हणाल्या, ‘ते मशीन काढा, नाहीतर मी निघते.’ समिती म्हणाली, नियम आहे, दंड होईल, जुने चार वय विचारत नाहीत, ते भंगारात द्यावे लागतील. ताईंनी किल्ली टेबलावर ठेवली. आणि तुम्ही बॅनरवर वयोमान लिहिलंत.

हो सर, आवरतो.

(‘बोलू दे रे त्याला!’)

राधाआजी, थांबा, तुमचंच सांगतोय. भंगारवाला सोमवारी येणार आहे. पण राधाआजींची खोली तळमजल्यावर आहे आणि दार रस्त्याकडे उघडतं. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे आणा. मी मटार सोलीन.’ नियम सार्वजनिक जागेला आहे. हे आजीचं घर. आजीच्या घरी कोणी आलं तर दारात वय विचारतात का? उद्या घरांसाठीही नियम येईल, मला ठाऊक आहे. तेव्हा उद्या भांडू. आज कोपरा तयार आहे, खुर्ची भिंतीकडे पाठ करून ठेवलीय. त्या मुलीची बारावी अजून व्हायचीय.

कमलताई, सरांनी शाल दिली, नारळ दिला. माझ्याकडून हे घ्या. गोणपाटात आहे, जपून, खिळे तसेच आहेत. सकाळी दारावरून काढली. समितीने चोरी म्हणावी. पण अक्षर तुमच्या वडिलांचं आहे. ती त्या मशीनच्या डोक्यावर खोटी दिसत होती. कुठे ठोकायची ते तुम्ही सांगा, हातोडा मी आणलाय.

समितीने मला बोलू दिलं, माइकवाल्या अभयने मध्येच आवाज बंद केला नाही, त्याबद्दल दोघांचे मनापासून आभार. केक खाऊन लगेच पळू नका, कॉम्प्युटर जड आहेत, आठ हात लागतील. आणि रागाच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर लहान समजून पोटात घाला. किती लहान, तेवढं मात्र विचारू नका.