भरलेली टाकी हलत नाही

माशांच्या दुकानात मी खाद्याच्या डबीसाठी रांगेत उभी होते आणि कान अर्थातच पुढच्या गिऱ्हाइकांकडे! एक बाबा, त्यांची सात-आठ वर्षांची चिमुरडी आणि समोर दुकानदारकाका.

“दोन गोल्डफिश ना? मग शंभर लिटरची टाकी आणि फिल्टर हवाच.”

“नको काका, तो काचेचा बाउल द्या.”

“अगं ठमे, बाउलमध्ये गुदमरतील ते.”

“पण टाकी उचलता येते का?”

“भरलेली? छे! एकदा मांडली की तिथेच. हलवली तर काच तडकायची.”

“बघ बाबा! मग तुझ्या नव्या खोलीवरून घरी कशी आणणार?”

“आधी मासे तर घेऊ, बाळा.”

“बाउल मी मांडीवर धरून आणेन. एक थेंब सांडणार नाही, आईशप्पथ.”

“बाउलमध्ये महिनाभरसुद्धा टिकायचे नाहीत गं.”

“महिना पुरे की, काका! बाबा महिन्याभरात परत येणारे, माझ्याकडे आणि आईकडे. हो ना, बाबा?”

बाबांनी खिशातून पाकीट काढलं.

“बाबा, हो म्हण ना पटकन.”

“द्या. मोठी टाकीच द्या.”