लिहून द्या, साहेब

सरकारी कचेरीच्या खिडकीपुढच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक आई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी उभी होती. मुलीचा फ्रॉक एका बाजूला उतरला होता. शिवणीत खोट नव्हती. तिचा कृत्रिम पाय आखूड पडत होता.

"नवा पाय आत्ता मिळणार नाही, बाई. पहिला दोन वर्षांपूर्वीच दिलाय. नियम पाच वर्षांचा आहे," खिडकीतला कारकून म्हणाला.

"पण पोरगी वाढलीय, साहेब."

"अजून तीन वर्षं थांबा."

"तोवर ती वाढायची थांबेल का? पाठीला बाक यायला लागलाय, डॉक्टरांनी लिहून दिलंय. कायद्यानं हक्क आहे तिचा, भीक मागत नाही मी."

"मला कायदा शिकवू नका."

"नाही शिकवत. वाढत्या मुलीला पाय नाकारला, एवढं कागदावर लिहा आणि खाली सही करा."

"असं कुणी लिहून देत नसतं!"

"मग असं कुणी बोलूही नये."

"बाजूला व्हा. मागे रांग खोळंबलीय."

"आम्हाला घाई नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहा सावकाश."

कारकुनानं पेन उचललं, परत ठेवलं. मग अर्ज ओढून त्यावर शिक्का मारला.

"सोमवारी माप द्यायला आणा तिला."

"आई," मुलगी म्हणाली, "वाढत्या अंगाचा करायला सांग. म्हणजे परत भांडायला नको."